खाकी अस्तराची बंडी

॥ श्री ॥
आंबागड
६ नोव्हेंबर २०२४

श्रीमती कौशल्याबाई यांस,
तुमची वहिनी रुखमा हिचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं भाऊबीजेचं पत्र भेटलं. इकडे दिवाळी आली तशी गेली. धान कापून शेतात, बांधीतच पडलं आहे, मजूर भेटत नाही. कैलाश नागपूरहून दोन दिवस आला, त्यातला एक दिवस झोपला अन् गेला. सून पोराच्या परीक्षेपायी आलीच नाही. असो, आपलं आपण करतो.

बाई, खरी गोष्ट आता लिहितो. तुमचे दादा परत निघून गेले होते. गुरुवारी पहाटे उठले, जुनी बंडी चढवली अन् किल्ल्याच्या पहाडीकडे तितरं माराले गेले. हातात जाळं नाही, फास नाही. शिकार सोडून बारा वर्षं झाली, हेच डोक्यातून पुसलं गेलं आहे. सांजेले गुराख्याले दिसले. झुडपाआड बसून तितराची शीळ घालून राहिले होते. मी गेली तर मलेच ओठावर बोट ठेवून दाखवलं, का पाखरं उडतील म्हणून. मले राग येऊन राहिला होता अन् रडूही येऊन राहिलं होतं.

ती बंडी काट्यायनं फाटून चिंध्या झाली. कैलाशनं मोठ्या दुकानातून जाकीट आणलं, ते अंगाले लावू देत नाही. म्हणते, मान दाबते, अन् हात हलवला का खसखस वाजते, तितर काय बहिरं आहे काय. स्वेटर काढून बांधीत फेकला. थंडी येऊन राहिली आहे. निघून गेले तर अंगावर काही तरी राहिलं पाहिजे, अन् ते दुरून दिसलं पाहिजे. तुमच्या हातची बंडी असली तर काढणार नाही, असं माझं मन म्हणते.

पण माप घ्याले तुम्ही स्वतः या जी. रोज विचारते, कौशी आली काय. भांडण त्यायले आठवत नाही, बाई. एक अक्षर आठवत नाही. पहिले मी तुम्हाले त्यायच्यापासून लपून पत्र लिहीत होती, आता त्यायच्या समोरच बसून लिहितो. फोनवरचं मले ऐकू आलं असतं तर फोनच केला असता.

आहे ती माया अशीच राहू द्या.
तुमची,
रुखमा


॥ श्री ॥
सानगडी
१५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. रुखमावहिनी यांस,
कौशल्येचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मजूर भेटत नाही लिहिता, अन् तुमचा नवरा फुकटात पहाडी तुडवून राहिला. त्यालेच विळा द्या ना. हे आपलं हसण्यावारी लिहिलं. पत्र वाचल्यावर मी जेवली नाही.

शिकाऱ्याच्या बंडीचं मले शिकवू नका, बाबाच्या अन् दादाच्या मीच शिवल्या आहेत. खांद्याची पट्टी रुंद पाहिजे, मग पाठीवरच्या खिशाचा भार मानेवर येत नाही. मुंढा खोल पाहिजे, हात मोकळा फिराले. कापड जाड ड्रिलचं, पण दोनदा धुऊन नरम केलेलं, म्हणजे वाजत नाही. काटे लागते तिथं, छातीले अन् कुशीले, दुहेरी कापड. बटनं त्याले आता जमणार नाही, टिचबटन लावतो. पाठीवरचा पाखरं टाकाचा मोठा खिसा ठेवतोच. नाही ठेवला तर म्हणेल, ही कायची बंडी. रंग मात्र नारंगी, सडकेच्या कामावरचे लोक घालते तसा. तुकडा लिफाफ्यात टाकला आहे.

मापासाठी याची गरज नाही. दादाचं माप मले पाठ आहे. छाती बेचाळीस.

त्याले आठवत नसेल, मले आठवते. ती बाई माझ्यापाशी ब्लाउज शिवाले बसली होती, अन् मी बढाई मारत बसली का माझा दादा एका जाळ्यात दहा तितरं आणते. तिचा नवरा जंगल खात्यात आहे हे मले काय माहीत! तिसऱ्या दिवशी दादाले नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, जाळं त्याच्या डोळ्यादेखत जाळलं. चूक माझ्या तोंडाचीच होती, मी नाही म्हणत नाही. पण त्यानं भरल्या आंगणात सांगितलं, माझ्या उंबरठ्यावर पाय ठेवू नको. त्या सालापासून दिवाळीले मले न्यायले आला नाही. आपल्यात भावानं येऊन नेल्याशिवाय बहीण माहेरी जाते काय, वहिनी? तो स्वतः न्यायले आला, तर मी अंगावरच्या लुगड्यानं निघतो. नाही तर नाही. पाहिजे तर हे त्याले वाचून दाखवा.

तुमचा जीव माझ्यावर आहे, तो कमी करू नका.
तुमची,
कौशल्या


आंबागड
२९ नोव्हेंबर २०२४

श्रीमती कौशल्याबाई यांस,
रुखमाचा नमस्कार.

वाचून दाखवलं. सगळं, जसंच्या तसं. भांडणाच्या ठिकाणी ऐकत होते, पण दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी मलेच विचारलं, काहून नाही नेलं तिले कोणी? तिचा भाऊ मेला काय? मी काय सांगू, तुम्हीच सांगा.

नारंगी तुकडा पाहिला अन् चुलीत टाकाले निघाले. म्हणे, मी शिकारी आहे का नवरदेव. खाकीशिवाय घालणार नाही. आता तुम्हीच काही जुगाड करा. अन् बेचाळीस छाती आता राहिली नाही, बाई. अंगावर काही राहिलं नाही. डोळ्यानं पाहून शिवा, म्हणून तर या म्हणतो.

लोभ ठेवा, पण भेटीचाही ठेवा.
रुखमा


॥ श्री ॥
सानगडी
१२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
कौशल्येचा शि. सा. नमस्कार.

सोबत बंडी पाठवली. बाहेरून नारंगी, आतून खाकी. अस्तर मुद्दाम जुन्या खाकी ड्रिलचं लावलं. घालतानी त्याच्यापुढं खाकी बाजूच धरा, म्हणजे तो फसेल. एकदा अंगात गेल्यावर पाठ कोणाले दिसते? शिलाई दोन्हीकडून सारखी साफ केली आहे, अस्तर टोचू नये म्हणून. नारंगी पाठीवर काळ्या दोऱ्यानं कैलाशचा फोन नंबर काढला आहे, आंधळ्यालेही दिसेल एवढा.

बेचाळीसचीच शिवली. तुम्ही लिहिलं ते वाचलं होतं, पण कात्री हातात घेतली अन् चाळीसवर खूण कराले हात वळला नाही. माझा दादा म्हणजे दारातून आडवा निघणारा माणूस. त्याले बारीक मी नाही करू शकत.

बहिणीची आठवण निघाली तर सांगजा, वाट पाहून राहिली म्हणून.
तुमची,
कौशल्या


आंबागड
२४ डिसेंबर २०२४

श्रीमती कौशल्याबाई यांस,
रुखमाचा नमस्कार. वि. वि.

बंडीत तुमच्या दादासारखे दोन सेवकराम मावते. पण बाई, काय सांगू! हातात घेतली, खांद्याच्या शिलाईवरून अंगठा फिरवला अन् म्हणाले, हे कौशीचं काम आहे. मले दोन दोन दिवस ओळखत नाही तो माणूस. तेव्हापासून अंगातून काढलीच नाही. जेवाले बंडी, झोपाले बंडी. मान दाबत नाही, वाजत नाही, काही तक्रार नाही. एकदा उलटी करून खाकी बाहेर घातली होती, मी गोड बोलून सुलटी करून दिली. शिकाऱ्याची खोड आहे, जाते कुठं.

अजून एक मजेची गोष्ट. तुमचं ते भांडणाचं पत्र रोज वाचून मागते. म्हणते, तो न्यायले गेला काय तिले? मी म्हणतो, नाही गेला. मग कपाळावर हात मारते. काल सकाळी विचारलं, सानगडीची गाडी किती वाजता आहे. मी हसली. म्हटलं, आधी पायजाम्याची नाडी बांधाले शिका.

या ना जी. रुसवा पुरे झाला आता. ज्याच्यावर रुसल्या तो माणूस राहिला नाही, अन् जो राहिला आहे तो तुमची वाट पाहून राहिला.

तुमच्या येण्याकडे डोळे लावून,
रुखमा


॥ श्री ॥
सानगडी
३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
कौशल्येचा शि. सा. नमस्कार.

शिलाई ओळखली हे वाचून मी मशीनवर डोकं टेकून बसली. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

संक्रांतीचे ब्लाउज आहे, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे आहे, वीस तारखेपर्यंत मान वर कराले फुरसत नाही. त्यानंतर पाहतो. येतो नाही म्हटलं, पाहतो म्हटलं. हट्ट अजून पुरता सुटला नाही, वहिनी, खोटं कायले लिहू. एकदा त्यानं चल म्हणावं एवढंच मन मागते. बाकी काही नाही.

मोठ्या मनानं समजून घ्या.
कौशल्या


आंबागड
२८ जानेवारी २०२५

कौशल्याबाई यांस,
रुखमाचा नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही आल्या, तेव्हा तुमच्या दादाले घेऊन गेले होते. चेहरा नाही भेटला तुम्हाले. मी आत बायांत बसली होती. तुम्ही बाहेर ओट्यावर बसल्या, उंबरठा ओलांडला नाही, अन् सांजेच्या गाडीनं वापस गेल्या. तेरवीलेही नाही आल्या. मले राग नाही. पण जे झालं ते तुम्हाले कोणी नीट सांगितलं नसेल. मीच सांगतो.

नऊ तारखेले पहाटे मी उठली तर खाट रिकामी. म्हटलं, पहाडीकडेच गेले असतील. अर्धं गाव तिकडे धावलं. कैलाश नागपूरहून आला, गाडी घेऊन तुमसरपर्यंत विचारत गेला. सगळ्यायले एकच सांगितलं होतं, नारंगी बंडीवाला म्हातारा. सगळे नाही म्हणाले. सडकेवरच्या चहावाल्याच्या दुकानात तुमच्या दादानं चहा घेतला होता, सानगडीची गाडी कुठून भेटते हे विचारलं होतं, हे मागून कळलं. पण कैलाशनं विचारलं तेव्हा तोही नाही म्हणाला. त्यानं पाहिलेला म्हातारा खाकी बंडीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. सडकेपासून थोडं आत, बांधीच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाले टेकून बसले होते. बंडी उलटी. नारंगी आत, नंबर आत. दोन माणसं जवळून गेली होती, मोहाच्या खोडापाशी खाकी दिसलीच नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीनं.

बंडी अंगातून काढली तेव्हा पाठीवरचा खिसा फुगला होता. उलटी असल्यानं तो आत, पाठीले लागून होता. त्यात माझं दिवाळीचं हिरवं लुगडं होतं, घडीचं, अजून नेसलेलं नाही. चार दिवसांपासून मी ते शोधत होती, शेजारणीवर मनातल्या मनात आळ घेतला होता. लुगड्याच्या घडीत कागदात चार तिळाचे लाडू, चुरा झालेले. माझ्याच डब्यातले.

बाई, ते तितरं माराले गेले नव्हते. बहिणीले न्यायले जाणारा भाऊ रिकाम्या हातानं जात नाही, एवढं त्यायच्या ध्यानात राहिलं होतं. माझं नाव ध्यानात नव्हतं, हे होतं.

तुम्हाले दुखवाले लिहीत नाही. पत्र मी वाचून दाखवत होती, रोज, ते खुश होते म्हणून. गाडी विचारली तेव्हा मी हसली. दोष वाटायचा तर माझाही अर्धा आहे. लुगडं तुमचं आहे, कैलाशच्या हातानं पाठवतो.

आता तुम्हीच माझ्या राहिल्या.
रुखमा


सानगडी
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
कौशल्येचा शिरसाष्टांग नमस्कार.

लिफाफ्यावर सवयीनं सौ. लिहिलं गेलं होतं. फाडून दुसरा केला.

कैलाश आला, लुगडं देऊन गेला. चहा ठेवला होता, तो घेतल्याशिवायच गेला.

वहिनी, अस्तर मी लावलं. शिलाई दोन्हीकडून साफ मीच केली. अस्तर कच्चं, टोचणारं ठेवलं असतं, तर त्यानं बंडी कशाले उलटी केली असती? जिंदगीभर लोकायले आतली बाजू कशीही शिवून दिली, अन् भावाचीच एवढी मन लावून शिवली. अन् ते पत्र. स्वतः न्यायले ये, असं मी लिहिलं. माझ्या दादानं माझं ऐकलं. बारा वर्षं मी रुसून बसली, अन् त्यानं दोन महिन्यांत ऐकलं. भाडं कोणापाशी मागावं तेही ज्याले कळत नव्हतं, तो घरून निघाला.

अर्धा दोष तुमचा नाही. मले एकटीलेच घेऊ द्या तो, तेवढा हक्क बहिणीचा आहे.

काल ते हिरवं लुगडं नेसली. या वयात हिरवं, अन् कपाळावर कुंकू नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तिळाचा वास अजून आहे त्याले. दादा न्यायले निघाला होता, म्हणजे मी आणलेलीच आहे. आता कोणाच्या या म्हणण्याची वाट पाहत नाही. पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघतो, साकोलीवरून येतो. कैलाशले न्यायले पाठवू नका. उंबरठ्यावर पाय अडला तर तुम्ही हात धरा.

माप घ्याले या, माप घ्याले या, म्हणून तुम्ही किती पत्रं लिहिली. येऊन राहिली, वहिनी. टेप आणत नाही.

जेवढी माया त्याच्यावर केली, त्यातली उरलेली मले द्या.
तुमची,
कौशल्या

ता. क. बंडी धुतली नसेल तर धुऊ नका. उलटी आहे, तशीच राहू द्या.