महादूचं मरण

कांदिवली,
३ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोन न करता, आई हॉस्पिटलात नेते त्या डब्याच्या पिशवीतून हे पत्र पाठवतेय, कारण फोनवर मला रडू येईल आणि तू ओरडशील. तिथे बाबांना यातलं काही सांगू नकोस.

आत्या, माझी वाट लागली आहे. कादंबरी पंधरा तारखेला द्यायची आहे. संपादक विनिताताईंनी स्वच्छ सांगितलंय, तारीख चुकली तर पुस्तक पुढच्या वर्षावर. पहिलंच पुस्तक माझं, पुढच्या वर्षी मला कोण विचारणार? शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. त्यात महादू मरतो. आणि महादू म्हणजे बाबाच, हे तुला माहीत आहे. गिरणगावातलं लहानपण, कांदिवलीची खोली, तंबाखूची पुडी लपवायची जागासुद्धा तीच.

दिवाळीत मी लिहिलं की महादू जिना चढताना मध्येच बसतो आणि छातीवर हात ठेवतो. जानेवारीत बाबा आपल्या जिन्यावर तसेच बसले, तसाच हात ठेवून. वरून बघताना मला आधी माझं वाक्य आठवलं गं, मग बाबा दिसले. तेव्हापासून कादंबरी एक ओळ पुढे गेलेली नाही. रोज लिहायला बसते आणि पहिल्या प्रकरणातले स्वल्पविराम नीट करते. काल बांगडे साफ केले, माळ्यावरची भांडी घासली, पण महादूच्या वाटेला गेले नाही. मी त्याला मारलं आणि तिकडे ऑपरेशनमध्ये काही झालं तर? तू हसशील. हस, पण काय करू ते सांग.

माझ्यावर राग धरू नकोस, माया धर.

तुझी,
रुचिरा

मुलुंड,
४ फेब्रुवारी

चि. रुचिरा हिस अनेक आशीर्वाद.

हसले नाही गं. वाचून मीच घाबरले. आमचा बाळा तुझा बाप असेल, पण माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी कडेवर खेळवलाय. साखर उतरत नव्हती म्हणून डॉक्टर थांबले होते, आता त्यांनी बायपास सात तारखेला दुपारी ठरवली आहे. तू महादूला वाचव बघू. कादंबरी तुझी, तुला कोण अडवतंय? पाठवून दे त्याला गावाला, बसू दे आंब्याच्या कलमांना पाणी घालत. आणि तेवढे स्वल्पविराम आता पुरे कर.

एक घोटाळा झालाय. तुझं पत्र मी वॉर्डातच वाचत बसले आणि बाळाने ते हातातून काढून घेतलं. वाचून झाल्यावर कागद मागितला. त्याने लिहिलेलं सोबत आहे, मी उघडलेलं नाही. जेवत जा वेळेवर, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
रत्नाआत्या

मुलुंड, हॉस्पिटल,
४ फेब्रुवारी

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

पडून लिहितोय, अक्षर समजून घे. आईला हे दाखवू नकोस.

तुझ्या लिहिण्याने माझी छाती दुखलेली नाही. जन्मभर भजी आणि तंबाखू खाल्ली, त्याने दुखली. ते श्रेय तू घेऊ नकोस.

घाबरलो मात्र आहे. बाजूच्या खाटेवरचे काल ऑपरेशनला गेले. बरे आहेत म्हणतात, आयसीयूत ठेवलंय, पण ती रिकामी खाट बघवत नाही. मरणाची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती तुझ्या आईची, कमलची आहे. मी नसलो तर ती काय करील? बँक म्हणू नकोस, सोसायटी म्हणू नकोस, देवाधर्माचं म्हणू नकोस, सगळीकडे मी पुढे आणि ती मागे. डोळे मिटले की ती दारात नुसती उभी दिसते.

आत्याचं ऐकून महादूला वाचवू नकोस. मार त्याला. पण मग त्याची बायको काय करते ते लिही. ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी मला ते वाचायचंय. उगाच गोड लिहिलंस तर मला कळेल. भिऊ नकोस असं मी कुठल्या तोंडाने सांगू? भीत भीत लिही, पण लिही.

तुझा,
बाबा

कांदिवली,
७ फेब्रुवारी, सकाळ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

प्रकरण सोबत आहे. महादू गेला, एका ओळीत. लिहून झाल्यावर मी तुम्हाला फोन लावला आणि तुमचा आवाज ऐकून ठेवून दिला.

पुढे अडलेच. त्याची बायको काय करील हे मला ठाऊकच नव्हतं, सगळ्या पुस्तकभर मी तुमच्याच मागे फिरत होते. शेवटी तुमचं पत्र न दाखवता आईलाच विचारलं. तिने माझं लिखाण वाचायला मागितलं, वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, चिडली.

आपल्याकडे देवापुढे मागणं मागायचं गाऱ्हाणं तुम्ही घालता, आई मागे उभी राहून फक्त होकाराचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. आज आंघोळ करून तिने देवासमोर नारळ ठेवला आणि स्वतः पुढे उभी राहिली. आवाज खणखणीत होता, कुठे अडखळली नाही. ते मी लगेच प्रकरणात उतरवलं. महादूच्या घरी सुतक आहे, म्हणून तिथे त्याची बायको सुतक फिटल्यावर देवासमोर उभी राहते, एवढाच फरक. विनिताताईंना काय वाटेल ते वाटो, हाच शेवट.

आईने देवाकडे काय मागितलं ते मात्र पुस्तकात घातलेलं नाही. ते तुमच्यापुरतं लिहिते. आई पिशवी घेऊन दारात उभी आहे, घाई करतेय. मला अजून भीती वाटते, बाबा. प्रकरण कसं झालंय ते घरी येऊन सांगा, आमचा सगळा लोभ इथे वाट बघतोय. देवासमोर ती म्हणाली:

बा देवा म्हाराजा, आज माझ्या चेडवान बापाशीचा मरण कागदार लिवल्यान. ता कागदारच रवांदे.

मागे मी, तिचं चेडू, एकटीच होते. मी मोठ्याने म्हटलं, व्हय म्हाराजा.

तुमची,
रुचिरा