पहिल्या दिवशीची आंघोळ

बाबा, गेल्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. तुम्ही उभारलेलं छोटं वीजकेंद्र पाहिलं, त्याच्या वरच्या अंगाचं विश्रामगृहही पाहिलं. तुम्हाला जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली. आता मी तुमच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा जरा स्पष्ट बोलते.

पहिल्या खेपेहून तुम्ही परतलात तो दिवस मला नीट आठवतो. भोपाळला, कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीतल्या आपल्या क्वार्टरपुढे रिक्षा थांबली आणि तुम्ही उतरलात. दाढी वाढलेली, डोक्यावर लोकरीची टोपी, कपड्यांना धुराचा वास. तीन महिने तुम्ही हिमाचलच्या अगदी वरच्या भागात होता, झाडं संपतात त्याच्याही पुढे. आई दारातच म्हणाली, "अहो, आधी आंघोळ. मग चहा." आपल्या घरी आंघोळीशिवाय चुलीजवळ कुणी जात नसे, तापात असलं तरी. तुम्ही मात्र सरळ स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसलात आणि बोलायला लागलात. गप्प बसणारा माणूस, त्या दिवशी थांबेचना. तिथली घरं कशी, खाली गुरं आणि वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब जमिनीतून वर येते. सपाट मातीच्या छपरावर हिवाळ्याचं सरपण रचलेलं असतं, आणि घरातल्या कर्त्या बाईशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. शेत थोरल्या मुलाला मिळतं, धाकटे मठात जातात, म्हणून जमिनीचे तुकडे पडत नाहीत. त्यांचे आजे मेंढ्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या लादून खिंडी ओलांडत होते. तिबेटची सरहद्द बंद झाली आणि तो व्यापार संपला. आणि वसंताच्या तोंडाशी ते शेतातल्या बर्फावर काळी माती पसरतात. "काळा रंग ऊन धरतो, बेटा. बर्फ पंधरा दिवस आधी वितळतो. एवढा उन्हाळा त्यांना जास्तीचा मिळतो. हे त्यांना कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं असेल?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मी विचारलं, "आणि आंघोळ?"

तुम्ही म्हणालात, महिन्यातून एखादी. विश्रामगृहाची राखणदारीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती, साहब, दो दिन लेटे रहो, नहाना बिलकुल नहीं. तुम्ही तिचं ऐकलंत. तुमच्याबरोबरचे दोघं ऐकले नाहीत, ते आठवडाभर डोकं धरून बसले.

"म्हणजे तुम्ही पण महिनामहिना?" मी म्हणाले. "बाबा, तुम्ही तर पुरते जंगली होऊन आलात. मैत्रिणी घरी येतात माझ्या. त्यांना काय सांगू?"

आई हसली. तुम्हीही हसलात. मग टॉवेल उचलून गेलात, आणि त्या लोकांबद्दल पुन्हा घरात काही बोलला नाहीत. पहिले काही दिवस मला ते बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी यंत्र चालू करायला तुम्हाला परत पाठवलं. निघालात त्याच्या सहाव्या दिवशी कारखान्यातले दोन साहेब दारात उभे होते. कागदावर लिहिलं होतं की उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं. दिवसवाराला तुमचा फिटर आला, तेव्हा कळलं की पोचल्या पोचल्या तुम्ही बादली मागितली होती. "वो औरत हाथ जोड़ रही थी, भाभीजी. साहब बोले, नहीं, नहाके ही खाऊँगा." आईनं डोळे पुसले आणि पाहुण्यांना सांगितलं, "शेवटपर्यंत नियम मोडला नाही त्यांनी." त्यानंतर कित्येक वर्षं ती हे अभिमानानं सांगत राहिली. मी पानं वाढत होते. वरण संपलं होतं, ते आणायला आत गेले आणि आणून वाढलं. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही.

डॉक्टरांनी आंघोळीचं नाव काढलं नव्हतं. धावपळीनं, थंडीनं, कशानंही झालं असेल. पण तुम्हाला माहीत होतं, बाबा. एकदा तुम्ही त्या बाईचं ऐकलं होतं. दुसऱ्यांदा का ऐकलं नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. पर्वतीय लोकजीवनाचा धडा दर वर्षी येई. घरं, जव, याक, फळ्यावर लिहून मोकळी होत असे. काळ्या मातीचं मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. ते पुस्तकात नव्हतं.

निवृत्त बायकांच्या सहलीबरोबर गेले. सगळ्यांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, मी राहिले. तिसऱ्या दिवशी चौकशी केली तर ती राखणदारीण हयात आहे. गावातच, मुलाकडे. दात नाहीत, पण ताठ बसते. मी कोण ते सांगितलं. तिनं माझा हात धरला नाही, काही नाही. चुलीत शेणी सारली आणि खारट चहा पुढे केला.

"भोपाल वाले साहब," ती म्हणाली. "मेरी बात मानते थे. दूसरी बार नहीं माने. मैंने पूछा था, क्यों साहब, इस बार क्या हो गया? तो हँसने लगे. बोले, घर में मेरी बेटी..."

"इस साल जौ कैसा हुआ?" मी विचारलं.

तिनं चहाचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. मग म्हणाली, बर्फ कम गिरा, पानी कम मिला, जौ छोटा रह गया. पाण्याची पाळी कुणाची, कुणी चोरून वळवलं, धाकटा मुलगा आता मठात जायला तयार नाही, सगळं तिनं सांगितलं. मी मान डोलवत ऐकलं. चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि उठले.

घरी आल्यावर धाकट्या भावानं विचारलं, "ताई, बाबांचं काही कळलं का?" मी म्हणाले, बसची वेळ झाली होती, बोलणं अर्धवट राहिलं. हे खरं नाही. बस दुपारी होती. सुटायला अजून दोन तास होते, आणि ते मी गाडीत एकटीच बसून काढले.