मापाच्या खोलीतला कॅमेरा

४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. कॅमेऱ्याचं काम अर्धवट टाकून निघावं लागलं, त्यामुळे गाडीत सारखी चुटपूट लागली होती. तू म्हणतेस, फोनवर मी नुसती बोलते आणि पत्रात ऐकते. म्हणून सूचनाही पत्रातच लिहिते.

समोरच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा दिवा निळा असला की सगळं ठीक. नारिंगी लुकलुकला तर इंटरनेट गेलं समज. वायफायचा डबा बंद करायचा, जरा थांबायचं, परत चालू करायचा. दारावर आणि चौकटीवर सेन्सरचा एकेक तुकडा चिकटवलाय. दार लावल्यावर त्यांच्यात बोटभरही फट राहू देऊ नकोस, नाहीतर बंद दार मला इथे उघडं दिसतं.

आपलं ठरलंय ते पुन्हा लिहिते. तू स्टुलावरून पडलीस आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. महिनाभर ही यंत्रणा नीट चालली, तर तू तिथेच राहायचंस, शिवणकामही चालू ठेवायचंस. नाही चालली, तर शिलाई मशीन बांधून माझ्याकडे यायचंस. तू हो म्हणालीस, पण माझ्याकडे न बघता. मी तुला धाक घातला की काय, याचा मला अजून उलगडा होत नाही.

पायाला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

११ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

धाकच घातलास, पण गोड शब्दांत. एवढं शिकलीस ते कुठेतरी कामी यायला हवंच.

दाराची चौकट वाकडी, त्यामुळे तुझे ते दोन तुकडे एकमेकांशी अबोला धरून होते. एकाखाली कोटाच्या खांद्यात घालतात तो पॅड दुमडून लावला. आता अगदी गळ्यात गळा घालून बसलेत.

पण काल शेजारच्या घड्याळजींना का पळवलंस? बिचारे हातात पेचकस घेऊन धापा टाकत आले. म्हणाले, तुमच्या भाचीचा फोन आला, तुमच्या घरात कुणी अनोळखी माणूस उभा आहे म्हणे. मी म्हटलं, आहे खरा, या आत, ओळख करून देते. अगं, माझा शिवणाचा पुतळा तो! त्याला लांब कोट चढवला होता, पंख्याच्या वाऱ्याने कोट हलला आणि तुझं यंत्र घाबरलं. घड्याळजी हसून हसून बेजार झाले, चहा पिऊनच गेले. आता पुतळ्याला कपाटाआड उभं केलंय. ना डोकं ना पाय, आणि एवढी दहशत!

माझा पाय बरा आहे. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि म्हातारीची थट्टा गोड मानून घे.

तुझी मावशी

१८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुतळ्यावरून इथे ऑफिसात सगळ्यांनी माझी भरपूर चेष्टा केली. ती संपायच्या आत नवीन अडचण आली. दिवा निळा, इंटरनेट चालू, दारही बरोबर. पण दिवसातून मधूनच चित्र काळंकुट्ट होतं. कॅमेरा कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाईंनी असल्या काळ्या चित्रणाचा एखादा तुकडा तपासायला मागवला. पाठवण्याआधी मी तो उघडला.

चित्र नव्हतं, आवाज होता. हात जरा वर करा, असं तू म्हणालीस. मग तुझ्या त्या गिऱ्हाईक, ग्रंथपाल बाई, आपल्या घरातलं काही सांगू लागल्या. पहिल्या वाक्यालाच मी बंद करायला हवं होतं. बिघाड शोधतेय असं स्वतःला बजावत ऐकत राहिले. बिघाड काय आहे ते तर कधीच कळलं होतं. जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. तो तुकडा पुसून टाकलाय, कुणाला पाठवला नाही.

तू कॅमेरा झाकतेस, हो ना? मला का नाही सांगितलंस? आणि मी विचारायच्या लायकीची आहे का, तेही सांग.

रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
चिमणी

२३ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

आशीर्वाद आहेतच, आज ते लिहायला हात उचलत नाही.

बायका माझ्याकडे माप द्यायला येतात, अंगावरचे कपडे उतरवून उभ्या राहतात. त्यांच्यापुढे तो डोळा उघडा ठेवू? अस्तराच्या कापडाची टोपी शिवली होती, गिऱ्हाईक आलं की घालत होते. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, यंत्रणा चालली नाही, चल माझ्याकडे. म्हणून गप्प बसले. ते माझंही चुकलंच. पण त्याला कानही आहेत, हे तू मला बोलली नव्हतीस.

माप देताना माणूस मोकळं होतं. मी पाठीमागे असते, माझं तोंड दिसत नाही, मग बोलणं सोपं जातं. ऐकलेलं मी कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. ते गेलं. म्हणून ग्रंथालयात जाऊन बाईंना सगळं सांगितलं, टोपीचं आणि तुझंही. संध्याकाळी आल्या आणि अर्धा शिवलेला कोट टाचण्यांसकट घेऊन गेल्या. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक गेलं.

कॅमेरा काढून डब्यात ठेवलाय. म्हणजे ठरल्याप्रमाणे यंत्रणा चालली नाही. न्यायला कधी येतेस ते कळव. मी शब्द मोडणार नाही.

मावशी

२७ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

न्यायला येत नाही. अट मी मागे घेते. तुझ्या जिवाच्या काळजीने ती घातली असं मी म्हणत होते. त्यात काळजी किती आणि मला निवांत झोप हवी हे किती, ते नीट वेगळं करता येत नाही. तुझं घर, तुझं काम. कुठे राहायचं ते तूच ठरव.

आता विनंती, अट नव्हे. घड्याळजींकडून कॅमेरा दाराबाहेर, पायरीकडे तोंड करून बसवून घे. त्याचा आवाज मी बंद केलाय. दारावरचे तुकडे तेवढे राहू देत. सकाळी तू दार उघडलंस की मला कळेल, तेवढं पुरे.

बाईंना लिहिलेलं लांबलचक माफीपत्र फाडून टाकलं. त्यात मीच फार होते. दोन ओळींची चिठ्ठी सोबत आहे, योग्य वाटली तर दे. माझ्यावरचा राग ओसरेल तेव्हा ओसरू दे, घाई नाही.

तुझी,
चिमणी

५ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

विनंती मान्य. मी इथेच राहणार. घड्याळजींनी कॅमेरा बाहेर बसवला. आता त्याने खुशाल मांजरं आणि पोस्टमन बघत बसावं. सवड काढून ये. मशीन बांधायला नव्हे, चार दिवस राहायला. तू माझी होतीस तशीच आहेस, उगीच मनाला लावून घेत बसू नकोस.

तुझी मावशी

ता. क. काल ग्रंथपाल बाई आल्या. आत येऊन चारही भिंती बघितल्या, कपाटाच्या वरही. तुझी चिठ्ठी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली. मग पिशवीतून कोट काढला आणि म्हणाल्या, बघा बसतोय का. मी पाठ बसवली, खांदे बसवले, कॉलर बसवली. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. अजून बाह्या लावायच्या राहिल्यात.