दुसऱ्या दिवसाचा रकाना

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते दोनदा उलटून पाहिलं असशील. रोज फोनवर डोकं खाणारा भाऊ एकदम पत्र का पाठवतो! तब्येत ठणठणीत आहे, घरचे मजेत आहेत, नोकरीही अजून आहे. गुरुवारनंतर ती राहील की नाही, देव जाणे. आणि तू माझं तोंड बघशील की नाही, तेही ठाऊक नाही. फोनवर सांगायचा चारदा प्रयत्न केला. दरवेळी तू विचारलंस, काय रे, आवाज का बसलाय, आणि मी सर्दी झाल्याचं सांगून फोन ठेवला. एवढी सर्दी कोणाला होते का? म्हणून आज सुट्टीच्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

तुझ्या घरामागचा हायवे पुन्हा रुंद होणार, हे तुझ्या कानावर आलंच असेल. सहा पदरांचे दहा होणार. बंदराकडून येणारे कंटेनर तासन् तास रांगेत उभे राहतात, ड्रायव्हर बिचारे केबिनमध्येच जेवतात, तिथेच डुलक्या काढतात. रस्ता व्हायला हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वीस वर्षं मी हेच काम करतोय. रस्त्याकडेला बसायचं, येणारी-जाणारी वाहनं मोजायची आणि वरच्या साहेबांना आकडे द्यायचे. त्या आकड्यांवर नकाशा ठरतो. गुरुवारी अकराला त्या नकाशावर लोकांची सुनावणी आहे.

आता मोजणी कॅमेऱ्यावर होते. मी आपला खुर्चीत बसून पडदा बघतो. जे हलेल त्याभोवती मशीन पिवळी चौकट काढतं, ट्रक, मोटार, स्कूटर. तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या घराजवळचं चित्रण लावलं. दुपारी बारा चाळीसला दुभाजकापाशी कोणीतरी उभं असलेलं दिसलं. निळा शर्ट, हातात काही नाही, मान तुझ्या गल्लीकडे. त्याच्याभोवती चौकट नव्हती. दुसऱ्या दिवशीचं लावलं, तिथेच, त्याच वेळी. शेजारच्या टेबलावरच्या पोरीला बोलावलं. ती हसली, म्हणाली, अहो काका, खांबाची सावली आहे ती, चष्म्याचा नंबर तपासा. असेल बाई, सावलीच असेल. नंबरही तपासला, बदललेला नाही. तरी मी रोज बारा चाळीसला ते चित्रण लावतो आणि सावली सरकेपर्यंत बघत बसतो.

बारा वर्षांपूर्वी तिथे पायी जायचा लोखंडी पूल होता, आठवतो ना? भाऊजी त्याच पुलावरून पलीकडच्या बाटल्यांच्या कारखान्यात जायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. तेव्हा चार पदरांचे सहा करायचं चाललं होतं आणि पुलाचा खांब नेमका नव्या पदरात येत होता. पूल पुन्हा बांधायचा की नाही, हे त्यावरून किती माणसं जातात त्यावर ठरणार होतं. ती मोजायचं काम माझ्याकडे आलं. नियम साधा, एक सुट्टीचा दिवस आणि एक कामाचा. सुट्टीच्या दिवशी मी इमानेइतबारे बसलो. कारखाना बंद, शाळा बंद. दिवसभरात एक्केचाळीस माणसं.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी उशिरा, अकराला पोचलो आणि मनात आलं, ताईचं घर पुलाखालीच तर आहे, घोटभर पाणी पिऊन येऊ. तू ताट वाढलंस. तुझ्या लेकीला, चिमणीला, जेमतेम पाय फुटले होते, ती माझ्या मांडीवरून उतरेना. एक वाजता भाऊजी आले. पुलावरूनच आले, ताई. मला बघून म्हणाले, वा साहेब, पूल पळून जाईल की, आधी मला तरी मोजा! आपण तिघंही हसलो. जेवून मी तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवा झालो, तो उठलो साडेपाचला. कारखाना सुटून गेला होता. संध्याकाळी कागद पुरा करताना दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी सेहेचाळीस लिहिले. आदल्या दिवशीचाच आकडा जरा बरा दिसावा म्हणून पाचने वाढवला. त्या कारखान्याची एक पाळीच तीनशे माणसांची होती.

दिवसाला दोनशेच्या आत माणसं असली तर पूल पुन्हा बांधत नाहीत. तो कापून नेला, आणि दुसरा दाखवला दीड किलोमीटर लांब. सात महिन्यांनी एका दुपारी, बारा चाळीसला, कारखान्याच्या निळ्या शर्टातले भाऊजी दुभाजक ओलांडताना ट्रेलरखाली आले. सगळे म्हणाले, तिकडे पूल असताना असं करायला नको होतं. पोलिसांनीही तसंच लिहिलं, मृताचा निष्काळजीपणा. त्या कागदावर तुझी सही घेताना तुझा हात मीच धरला होता. धावपळ मी केली, कागदपत्रं मी गोळा केली, आणि तू येईल त्याला सांगत राहिलीस, धाकट्याने सगळं निभावलं. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता नव्या नकाशातही तिथे पूल नाही. का, म्हणून विचारलं तर साहेबांनी जुनी फाईल काढून माझ्यापुढे टाकली. म्हणाले, तुम्हीच तर मोजलंय. खाली माझी सही, अगदी झोकात मारलेली. मंगळवारी मी रजा टाकून तिथे गेलो आणि सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत हातानेच मोजणी केली. तिथेच जेवलो, जागेवरून हललो नाही. तीनशे अठरा माणसं दुभाजकावरून गेली. एक बाई तर तान्हं मूल कडेवर घेऊन मधोमध थांबली होती. साहेब म्हणाले, कशाला जुनी मढी उकरता, बढती तोंडावर आलीय. पण गुरुवारी मी उभा राहणार आणि दुसऱ्या दिवशी मी कुठे झोपलो होतो ते सगळ्यांसमोर सांगणार.

तुला हे सभेतल्या कोणाकडून कळू नये, हे एक. पण पत्र त्यासाठी नाही. दवाखान्याच्या बाकावर तू माझ्या कानात सांगितलं होतंस, मीच त्यांना फोन केला, पान वाढलंय, लवकर या म्हटलं, म्हणून ते दुभाजकावरून आले. चिमणीलाही हे माहीत नाही, पण बारा वर्षांत तू दुपारी एकदाही गरम जेवलेली नाहीस, ते मी बघतोय. तेव्हा मी सगळं जाणून तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प बसलो. ताई, तुझं काहीही चुकलं नाही. नवऱ्याला जेवायला बोलावलंस, एवढंच. पूल असता तर ते घाईघाईत पुलावरून आले असते आणि पानावर बसले असते. मला क्षमा करू नकोस, मी मागतही नाही. पण स्वतःला दोष देणं आजपासून बंद कर.

तुझाच,
धाकटा