बारतोंडीच्या लाल रंगाचे वारस

मी, महादेवी भ्र. विरूपाक्ष रंगारे, वय अदमासे सत्तर, राहणार मुरुड, तालुका व जिल्हा लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते. जिल्हा बदलला, माझी गल्ली तीच आहे. मसुदा अमृतराव वकिलांचा. मधले बोलणे माझे, ते त्यांनी खोडू नये.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी महानंदा हिला. मागची पडवी, जिथे रंगाची चूल आहे, ती तिने पाडू नये. आमच्या घरात रंग सुनांना शिकवत, लेकींना नाही. लेक परक्या घरी जाते, तिच्यासोबत विद्याही जाईल ही भीती. मला सासूबाई बसम्मांनी शिकवले. महानंदा मात्र या पडवीच्या उंबऱ्याबाहेरच वाढली.

कलम २. शेताच्या बांधावरची बारतोंडीची झाडेही महानंदाची. या झाडाच्या मुळाच्या सालीतून पक्का लाल रंग निघतो. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, पाण्यावाचून चूल विझली. यजमान खडी फोडायला गेले. बांधावरची झाडे सरपणाला गेली, एक तेवढे राहिले. यजमान वारल्यावर मी वर्षाला एखादे लुगडे रंगवी, हात विसरू नये म्हणून.

नवा जिल्हा झाला त्या सुमारास लातूरच्या एका झाडे जपणाऱ्या मंडळाची काही माणसे देशी झाडे शोधत बांधावर आली. मी मूळ खणत होते. त्यांतली पोस्टात नोकरीला असलेली सिंधु कांबळे धावतच आली.

"मावशी, मूळ तोडू नका ओ! हे झाड मेलं तर इथं दुसरं न्हाई."

"न तोडता लाल रंग कुठनं आणू? तुझ्या पोस्टातनं?"

लई भांडलो. मग तीच खाली बसली आणि म्हणाली, "एकाच बाजूची बारीक मुळं घ्या. दुसरी बाजू राहू द्या. बिया मला द्या." मला रंग येत होता, रोप करता येत नव्हते. बी गरम पाण्यात भिजवून तिने रोपे केली, मंडळाने बांधावर लावली, आणि उन्हाळ्यात आम्ही ती आंघोळीच्या सांडपाण्यावर जगवली.

त्यावर मी त्यांना पडवीत बोलावले. कापड तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवणे, तुरटी देणे, मग मुळाची साल घालून आच हळूहळू वाढवणे, सारे दाखवले. महानंदालाही सासरहून, उदगीरहून बोलावून घेतले. तिने पहिल्यांदा रंगात हात घातला आणि रडली. मीही रडले.

कलम ३. दीर रेवणप्पा यांना यजमानांची लाल शाल. मंडळाला रंग शिकवला त्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले होते, "वैनी, घरची विद्या हाय ही. भलत्यांच्या हाती देऊ लागलात?"

मी म्हणाले, "भाऊजी, घरात आता हाय कोण?"

तेव्हापासून ते माझ्याकडे पाणी पीत नाहीत. माझा राग मालमत्तेला लावत नाही. शाल उबदार आहे, त्यांनी पांघरावी.

कलम ४. तांब्याची कढई, ढवळायचे दांडके व खल सिंधु कांबळे हिच्या मंडळाला. कढई शोभेला ठेवू नये, चुलीवर चढवावी. यंदाही पाण्याची टंचाई आहे, तरी नव्या झाडांच्या मुळांनी पहिले कापड रंगवले. विटकरीकडे झुकते, पण लाल आहे. मला आवडले.

कलम ५. हे मृत्युपत्र जिवंतपणी बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवते. रंगाच्या विद्येचे कलम मात्र यात नाही. वकीलसाहेबांनी विचारले, का? मी सांगितले, ती मी वाटून टाकली. ती आता माझ्या नावावर नाही.

ठिकाण: मुरुड
दिनांक: ३ जून १९८७

सही: महादेवी भ्र. विरूपाक्ष रंगारे

साक्षीदार:
१. गुरुबसप्पा शिवलिंगप्पा हलगे, मुरुड
२. केरबा नामदेव सोनटक्के, मुरुड