टोलनाक्याचा नाखवा

४ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
ठरलं. डिसेंबरात वारा धरून थेट मस्कत. मे महिन्यातल्या लग्नात मुझम्मिलने, म्हणजे माझ्या बायकोच्या, कमरजहाँच्या, मुरुडच्या भावाने, भर मांडवात मला ‘टोलनाक्याचा नाखवा’ म्हटलं. सगळे हसले. बायकोही हसली, तेच लागलं. माझे आजोबा जहाजावर तांडेल होते, पन्नास खलाशी त्यांच्या हुकमात. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. (लहानपणापासून सांगत आलोय, असं कमरजहाँ म्हणते.) मी खालापूरला टोलनाक्याशेजारच्या ऑफिसात तीस वर्षं आवक-जावक केली म्हणून काय रक्त बदलतं? मुझम्मिलला फोन केला, १४ डिसेंबरला बोट बघायला ये. येतो म्हणाला. जरा जास्तच खूश वाटला.

९ ऑक्टोबर
बोट मिळाली. कर्जतकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधली, फायबरची. पायडलची होती, पुढे बदकाची मान. आमच्या चौक गावातल्या संतोष गॅरेजवाल्याकडून मान कापून घेतली. आता गंभीर दिसते. शेपटी राहिलीय, सुकाणूला आधार होईल.

१३ ऑक्टोबर
क्रू पक्का. संतोष इंजिनियर. शेजारचा पोपट नॅव्हिगेटर, कारण तो भात वारवतो, त्याला वाऱ्याचं कळतं. पोपटने विचारलं, “बद्रूभाय, मस्कतला मुक्काम पडंल काय? सांजच्याला म्हशीची धार काढायची हाय.” शिस्त लावावी लागणार. मीटिंगला कोणी फिरकत नव्हतं म्हणून खिचडा करतोय असं कळवलं. दोघेही अर्धा तास आधी हजर. खिचडा मीच केला. कॅप्टनला सगळं आलं पाहिजे.

२० ऑक्टोबर
शीड तयार. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स. छापील बाजू आत घेतली, तरी ऊन पडलं की मिशा दिसतात.

२ नोव्हेंबर
लाटांची सवय व्हावी म्हणून चौक-कर्जत एसटी, शेवटची सीट. तीन फेऱ्यांचा प्लॅन. पहिल्याच फेरीत उलटी. कारण वडापाव. आजपासून वडा बंद.

८ नोव्हेंबर
पुन्हा एसटी. पुन्हा तेच. कारण उपाशीपोटी गेलो. कंडक्टर म्हणाला, “काका, पुढं बसा की.” समुद्रात पुढे बसायची सोय नसते, हे त्याला काय सांगणार!

२३ नोव्हेंबर
आज दोरीच्या गाठी शिकवायच्या होत्या. सोबत बिर्याणी ठेवली. पोपटने चार चुलतभाऊ ‘भरतीला’ आणले. बिर्याणी उतरेपर्यंत सगळे देगीभोवतीच. गाठी राहिल्या. मात्र क्रूचं मनोबल इतकं उंच कधीच नव्हतं.

७ डिसेंबर
एक आठवडा उरला. शंका नाही. फक्त बोट अजून पाण्यात घातलेली नाही.

१४ डिसेंबर. संध्याकाळी
मुझम्मिल आला. गावामागच्या तळ्यात बोट सोडली. वारा नव्हता. शीड उभं केलं, भाऊ मिशांसकट लोंबत राहिले. पोपटने बांबूने ढकललं. काठापासून दहा-बारा फूट गेलो असू, मला उलटी झाली. पाणी हलतही नव्हतं. पोपटची म्हैस पाण्यात बसली होती, तीसुद्धा उठून लांब गेली. शेवटी कमरजहाँ साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि शेपटीला धरून बोट काठाला आणली.

मुझम्मिल हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर त्याने पिशवीतून आजोबांची नली काढली. नली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. मुरुडला माझ्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, पेटीत सापडलं म्हणे. हुद्दा : भंडारी.

मी लगेच समजावून सांगितलं, भंडार म्हणजे स्टोअर, भंडारी म्हणजे स्टोअरचा मुख्य अधिकारी, तांडेलाच्याही वर. मुझम्मिल हळूच म्हणाला, “दुल्हेभाय, जहाजावर भंडारी म्हंजे जेवण रांधणारा.”

मला रडू आलं, खरंच आलं. मग कमरजहाँने मी सकाळीच रांधून ठेवलेल्या बिर्याणीच्या देगीचं झाकण काढलं आणि म्हणाली, “सिद्राचे अब्बा, तुमी नाखवा झाला असता तर आमी जेवलो काय असतो?”

मुझम्मिलने तीनदा वाढून घेतलं.

१५ डिसेंबर. सकाळी
नली पुन्हा वाचली. प्रत्येक सफरीपुढे शिक्का. वर्तणूक : व्हेरी गुड. काम : व्हेरी गुड. तीस वर्षांत माझ्या गोपनीय अहवालात ‘बरा’च्या वर कोणी गेलं नाही.

बोट पोपटने म्हशीच्या वैरणीला नेली. शीडही नेलं, गोठ्यावर घालायला.

जाताना मुझम्मिलने विचारलं, जानेवारीत मुलाच्या वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, तीनशे माणसांची बिर्याणी कराल का. विचार करून कळवतो म्हणालो आणि तो गेटपर्यंत पोचायच्या आत हो म्हणालो.

मुरुडला जायचं ते एसटीने. मी मसाल्याची यादी काढायला बसलो. कमरजहाँने बॅग उघडली आणि त्यात सगळ्यात आधी दोन लिंबं ठेवली.