मंगळवारची फुली

सोमवार, २३ फेब्रुवारी १९९८
आज सकाळी राजरत्नच्या प्रॅक्टिकलच्या वहीत दहाव्या प्रोग्रॅमवर लाल पेनानं फुली मारली. पानभर, आडवी.
पोरगा पलूसचा. हुशार आहे, पण घाई फार. प्रोग्रॅम असा की कुठलीही तारीख घाला, त्या दिवशी कोणता वार होता ते मशिन सांगतं. मला खूश करायला त्यानं माझीच जन्मतारीख घातली. १ जून १९४८. मशिन म्हणालं, मंगळवार.
मी रविवारचा. आई मरेपर्यंत सांगत होती, रविवारी, देवाच्या वारी झाला म्हणूनच नाव जोतिबा ठेवलं. एकोणपन्नास वर्षांचा झालो, आजवर देवाचा एक रविवार मोडलेला नाही. आणि हे मशिन मला मंगळवारचा करतं. अख्खा वर्ग हसला.
राजरत्न म्हणाला, 'सर, एकदा मशिनवर बघा तरी.' मी म्हणालो, गरज नाही. माझी फळ्यावरची पद्धत आहे. फळ्यावर शिकलेला कॉम्प्युटर माणूस जन्मभर विसरत नाही. लाइट गेली तरी फळा चालू राहतो.
नियम साधा आहे. दहाही प्रोग्रॅमवर माझी सही, तरच १६ मार्चच्या प्रॅक्टिकलला बसता येतं. नाहीतर वर्ष गेलं. परीक्षेची यादी १४ तारखेला संध्याकाळी पाचला जाते. तोवर त्यानं प्रोग्रॅम दुरुस्त करावा, मगच वर्गात बसावं.
माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे इथं लिहून ठेवतो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ११.१०
लॅबचं दार ढकललं. आमची लॅब म्हणजे जुनी झूलॉजीची खोली. सहा मशिनं, सहा कापडी खोळी, आणि कोपऱ्यात झूलॉजीवाल्यांनी अजून न नेलेला माणसाचा सांगाडा. त्याला रोज नमस्कार करतो. कुणाचा तरी बाप असेल.
पाच मशिनं खोळीत झाकलेली. चार नंबरचं मात्र चालू. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: १-६-१९४८, ट्यूसडे. खाली एक चौकट लुकलुकतेय.
खुर्चीला हात लावला. गरम होती.
राजरत्न वर्गात नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
पुन्हा तेच. मशिन चार. मंगळवार. पुन्हा खुर्ची गरम. लॅबच्या पुढच्या दाराशी एक चप्पल जोड, एकीचा अंगठा शिवलेला. आत मात्र कुणी नाही.
शिपाई बिराप्पाला विचारलं. म्हणाला, 'सर, त्यो बुवा हाय न्हवं कोपऱ्यातला, त्येला करमंना झालंय. हितं आधी बेडकं हुतं, सरडं हुतं. आता नुसती टायपिंगची मशिनं. लय एकलं वाटत आसंल.'
मी म्हणालो, मी विज्ञानाचा माणूस आहे.
तरी दरवाजाला अंगारा लावला. पडद्यालाही किंचित. तोटा काही नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी
नीलिमा मॅडम नवीन आहेत. वय चोवीस, इस्लामपूरच्या, बोटं फार जलद. त्यांना सहज विचारल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, 'सर, राजरत्ननं चार नंबरमध्ये ओळ घालून ठेवलीय. मशिन चालू केलं की त्याचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. काढून टाकू? एक मिनिट लागेल.'
मी म्हणालो, नको, पुरावा आहे.
पुढं म्हणाल्या, 'सर, प्रोग्रॅम मात्र मी तपासला. माझ्या भावाच्या लग्नाची तारीख घातली. वार बरोबर आला.'
लग्नाचं काय, तारखा पंचांगात असतात. त्यानं तिथून उचलल्या असतील.
आता कारण कळलं. भीतीचा प्रश्न तसा आधीही नव्हता. फक्त एवढंच की मशिन चालू केलं की म्हणे. मग चालू कोण करतं?

रविवार, १ मार्च
उपवास. देवासमोर बसलो, मन शांत. तीन निश्चय केले.
१. उद्यापासून रोज अर्धा तास मशिनवर बसायचं. स्वतः चालू करायचं.
२. चार नंबरकडे बघायचं नाही.
३. मंगळवारचा विचार करायचा नाही.

मंगळवार, ३ मार्च
बसलो. एक नंबरवर. अर्धा तास पूर्ण. खोळ काढली नाही कारण धूळ. पण बैठक जमली. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ.
बसमध्ये एका बाईनं विचारलं, 'आवं, आज वार कोण?' मी दोन स्टॉप आधी उतरलो.

गुरुवार, ५ मार्च
सौ. म्हणते, मी झोपेत मंगळवार मंगळवार म्हणतो. तिचा समज, मी कुठल्या तरी मंगळवारच्या उपवासाचा नवस बोललोय आणि तिच्यापासून लपवतोय. तिनं येत्या मंगळवारी साबुदाणा भिजवायचं ठरवलंय.

शुक्रवार, ६ मार्च
राजरत्नची आई आली. भामाबाई. पलूसहून पहिल्या गाडीनं. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. स्टाफरूमच्या दाराबाहेरच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. मग मीच बाहेर गेलो.
म्हणाली, 'सर, पोरगं जेवंना. रोज सकाळी येतंय गाडीनं, सांजचं त्वांड पाडून घरला. चुकलं आसंल तर मारा, पर साल नका घालवू त्येचं. बापानं हमाली करून शिकीवलाय.'
मला आश्चर्य वाटलं. पोरगा वर्गात येत नाही आणि आईला कॉलेजचं सांगतो. पण आईला काय सांगायचं.
म्हणाली, 'काय चुकलं तेवढं तर सांगा.'
म्हणालो, 'वार चुकला.'
'कुणाचा?'
'माझा. जन्माचा. मी रविवारचा, त्याचं मशिन मंगळवार म्हणतं.'
बाई म्हणाली, 'आन् तारीख?'
'एक जून.'
बाई हसली. पदर तोंडाला लावून हसली. 'आवं सर, एक जून तर समद्यांचीच आस्ती. माझ्या मालकाची एक जून, दिराची एक जून, जावंची बी एक जून. गुर्जी लिवत्यात न्हवं, शाळंत घालताना. तुमचं गुर्जी काय निराळं हुतं?'
मी म्हणालो, आमचे गुरुजी फार काटेकोर होते.
मुद्दा बाईंच्या लक्षात आला नाही. अशिक्षित माणसाचं असं होतं. शेंगा घेतल्या नाहीत. बिराप्पानं घेतल्या.

शनिवार, ७ मार्च
ऑफिसात सेवापुस्तकांचं काम निघालं म्हणून सहज बघितलं. स्टाफ एकोणीस. त्यात एक जूनचे अकरा.
योगायोग.
प्राचार्यही एक जूनचे. त्यांचे थोरले भाऊ लायब्ररीत आहेत. तेही एक जून. त्याच वर्षीचे.

रविवार, ८ मार्च
गावी गेलो. कडेगावच्या पुढं चार मैल. माझी थोरली बहीण अंबूबाई, वय पासष्ट, नजर गेलीय पण आठवण शाबूत. सहज विचारलं, अक्का, मी कोणत्या वारी झालो.
म्हणाली, 'ऐतवारी. त्यात काय इच्यारतुयास? नाव काय हाय तुजं?'
जीव भांड्यात पडला. म्हणालो, म्हणजे एक जूनला रविवारच होता.
'एक जून? एक जूनला कुटला झालास रं तू? एक जूनला आई पोट घिऊन रानात कुळवामागं. जळिताच्या साली, बेंदूर झाला आन् फुडच्या ऐतवारी झालास. बैलांची शिंगं रंगवल्याली तशीच हुती. शाळंत घालायला मीच न्हेलतं तुला. गुर्जी म्हनलं, जन्म कवाचा? म्या म्हनलं, बेंदराच्या फुडचा ऐतवार. गुर्जी म्हनलं, हितं बेंदूर लिवत न्हाईत. आन् एक जून लिवलं. त्या दिशी आठ पोरं घातली, आठांस्नी बी एक जून.'
मळ्याकडं बघत बसलो.
गुरवाकडं जुनी पंचांगं आहेत, दोरीनं बांधून आढ्याला. जळिताचं साल म्हणजे ४८, त्याचं काढलं. बेंदराच्या पुढचा रविवार, २५ जुलै.
म्हणजे मी चोपन्न दिवसांनी लहान आहे. एवढीच काय ती चांगली बाजू.

सोमवार, ९ मार्च
विचार केला. आई बरोबर, रविवार. मशिन बरोबर, मंगळवार. अक्का बरोबर. भामाबाई तर उभ्याउभ्या बरोबर. राहिलं कोण, ते लिहायची गरज नाही.
उद्या सही करतो. फुलीचं कारण वर्गात असं सांगता येईल की ती कसोटी होती, विद्यार्थी ठाम राहतो का ते बघायची. शिक्षणशास्त्रात बसतं.

मंगळवार, १० मार्च
सही करायला वही काढली. फुलीच दिसते. सही करायची कुठं? फुलीच्या वर केली तर फुली खोटी. खाली केली तर सही खोटी. नीट ठरवून करू.
घरी साबुदाणा. नको म्हणता आलं नाही.

बुधवार, ११ मार्च
चार नंबर. १-६-१९४८, ट्यूसडे. आता ती ओळ माझ्याकडं टक लावून बघते असं वाटतं. चौकट लुकलुकते, जणू विचारते, मग? मग? मग?
सांगाड्याला नमस्कार केला तर तो हसताना दिसला. तो रोजच हसतो, दातांमुळं. आज वेगळं वाटलं.
पेन घरी राहिलं. उद्या.

गुरुवार, १२ मार्च
आज होळी. अशा दिवशी असलं काम नको.

शुक्रवार, १३ मार्च
धुळवड. कॉलेज बंद. सही करायची आज पूर्ण तयारी होती.
सौ. नं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आत नेऊन ठेवलं. मी त्याच्याकडं सारखा बघतो म्हणे.

शनिवार, १४ मार्च. संध्याकाळ
पहाटे उठलो. देवाला म्हणालो, तुझा वार तुझ्यापाशी आहे, त्याला कुणी हात लावला नव्हता. मीच कांगावा केला.
अकराऐवजी दहाला लॅबला गेलो. दाराशी तीच चप्पल, अंगठा शिवलेली. आतून टकटक आवाज. बिराप्पा पायरीवर बसून शेंगा सोलत होता. मला बघून आत इशाऱ्याची शीळ घालायला तोंडाचा चंबू केला, पण तोंडात शेंगदाणे होते.
दार ढकललं. चार नंबरवर राजरत्न. अनवाणी. मागच्या दाराकडं निम्मा उठलेला, पळायच्या बेतात. रोजचं तसंच. पुढून येताना चप्पल काढायची शिस्त मीच लावलेली. पळताना ती पुढंच राहायची.
बिराप्पाला म्हणालो, तू तर सांगाड्याचं सांगत होतास. तो म्हणाला, 'सर, तुमी वर्गात घेत न्हवता. पोरगं कुटं बसंल मग? बुवाचं नाव सांगितल्याबिगर तुमी मागचं दार बघायचं सोडलं नसतं.'
राजरत्न म्हणाला, 'सर, सोळा तारखेला बसायचंच होतं. सराव मोडायला नको म्हणून यायचो. त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं ना, की तारीख शाळेतली आहे... आमच्या घरातबी समद्या एक जूनच्याच आहेत. मला कळलं असतं.'
त्याला कळलं असतं. तेवढ्यात नीलिमा मॅडम आल्या. यादी त्यांच्या हातात, त्याचं नाव पेन्सिलनं आधीच लिहिलेलं. कधी लिहिलं विचारलं. म्हणाल्या, 'अठ्ठावीस फेब्रुवारीला, सर.'
चार नंबर बंद करायला सांगितलं. मग म्हणालो, आता मी चालू करतो. बटण शोधायला वेळ लागला. मी पडद्याचं दाबत होतो, ते खालच्या पेटीचं असतं. राजरत्ननं बोट दाखवलं. ओळ आली. ट्यूसडे. खाली एका बोटानं घातलं, २५-७-१९४८.
सन्डे.
वही मागवली. फुली तशीच ठेवली, ती माझी आहे. तिच्याखाली 'बरोबर' असं लिहिलं, सही केली. तारीख घातली, १४ मार्च १९९८. वारही घातला, शनिवार. तो मात्र राजरत्नला विचारून.